गार इंजिन

फोनवरच आईनं बजावलं होतं त्याला,
आम्ही येईपर्यंत किल्ली फिरवू नकोस.
तरी ब्लेनाच्या त्या चढावर, शेवटच्या घरापुढे,
तिनं बॉनेटवर तळवा टेकला
आणि तापल्या पोराच्या कपाळावरून काढावा
तसा हळूच काढून घेतला.

"तुमच्यासाठी जरा गरम करून ठेवली," येस्टिन म्हणाला.
"चहा ठेव गरम करून," आई म्हणाली.
"इंजिन मला गार लागतं."

बस डेपोत एकतीस वर्षं काढलेली बाई.
आम्ही आमच्या व्हॅनमध्ये दोन तास बसून राहिलो.

समोर ती. लाल, बुटकी, रुंद खांद्यांची,
मागे दोन धुरांडी,
किंमत माझ्या दोन हिवाळ्यांच्या रात्रपाळ्या.
मला ती फोटोतच आवडली होती, हे आईला सांगितलं नव्हतं,
आईला ते कळलं होतं.

थर्मासचं झाकण फिरवत ती बोलत राहिली, काचेशी बोलावं तसं:
सर्व्हिस बुकात पाच वर्षांचे शिक्के,
सह्या पाचही एकाच पेनाच्या.
टायर चार, कंपन्या चार.
टायरला उपाशी ठेवणारा
तेल काय वेळेवर बदलत असणार?
आणि उजवं दार बघ, फट वर बारीक, खाली जाड,
कुणीतरी रडून झाल्यावर पावडर लावलेली.

डोंगरावरून एक मेंढी गल्लीत उतरली,
बंपरला अंग घासून पुढे गेली.
"तिनंही पाहिली," आई म्हणाली.

मग किल्ली.
दोन सेकंद साखळी खडखडली,
डब्यात खिळे हलवल्यासारखी, आणि गप्प.
मागून धूर आला, उदबत्तीइतका,
निळा.
पांढरा असता तर पाणी, काळा तर पेट्रोल.
निळ्याचं आईनं काही सांगितलं नाही,
नुसता चष्मा पुसला.

रस्त्यावर मी चालवली.
दुसऱ्या गिअरला दात करकरले.
चौथ्यात चढावर पाय दाबला तर सुई पळाली, गाडी मागेच,
आणि पुढे कुठेतरी सारखं फुस्स,
फाटक्या नळीतून हवेचं उसासणं.
सगळं ऐकलं मी, शपथेवर सांगते.
पण अडीच हजारांवर टर्बो जागा झाला,
पाठीला कुणीतरी हात लावून ढकललं,
ट्रेडेगरकडचा अख्खा डोंगर काचेत आला
आणि मला यादीतलं एकही आठवेना.

"हसू नकोस," आई पुटपुटली, "तो आरशात बघतोय."

तो मागे बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन.
शेजारी सीटवर पाळण्याच्या पट्ट्यांचे वळ.
परतल्यावर म्हणाला,
"मी घेतली तेव्हा माझ्याबरोबर कुणी नव्हतं."
एवढंच. मग लोव्रीनं खिडकीतून हाक मारली, बाळ उठलं होतं.

आईनं बॉनेट उघडायला लावलं.
टॉर्च तोंडात धरून ती आत वाकली,
त्याचं बोट धरून त्या चिरेवर ठेवलं:
ही नळी, ही पकड. एवढं तू स्वतः करशील.
साखळीला मात्र पैसे लागतील.
आणि तो धूर, खरं सांगू, टर्बो उघडल्याशिवाय कुणालाच कळणार नाही.
भाव तिनं विचारलाच नाही.

"मग आता मी काय करू?"
"पुढच्याला गार दाखव."

उतारावर आमची व्हॅन घरघरत होती.
मी बोलत नव्हते. ती क्लचवरचा पाय
मुद्दाम सावकाश सोडत होती, मला दिसावं असा.

दुसऱ्या दिवशी पहाटे रात्रपाळीहून आले,
दिवा न लावता स्वयंपाकघरात उभी राहिले.
वर दार वाजलं.
आई जिना उतरू लागली, कठड्याला धरून, गुडघे अजून गार,
आणि मी तिच्या पहिल्या तीन पायऱ्या
श्वास रोखून ऐकल्या.